समुद्राकाठचं घर, सड्यावरचा चिरा, खाडीतली वाळू: नवं संशोधन आपल्या कामाचं किती?

पावसाळी

राजापूर तालुक्यात, समुद्राला लागून असलेल्या आमच्या गावात भावाने घर बांधायला घेतलंय. माझं रोजचं काम काँक्रीटच्या चाचण्यांचं, त्यामुळे साहित्य ठरवायची जबाबदारी आपसूक माझ्याकडे आली. त्या निमित्ताने बरंच वाचलं आणि एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. बांधकामावरचं संशोधन स्थापत्यवाले वाचतात, सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरच्या, जिवांवरचं निसर्गवाले वाचतात. आणि प्रत्यक्षात दोन्ही विषय एकाच ट्रकमधून आपल्या अंगणात येऊन पडतात. म्हणून हा धागा.

आधी लोखंडाचं. पंचवीस-तीस वर्षांच्या घरांच्या स्लॅबचे पोपडे निघून सळ्या उघड्या पडलेल्या कोकणात सगळ्यांनीच पाहिल्यात. लोक खाऱ्या हवेला दोष देतात. ते खरं आहे, पण अर्धंच. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) साडेबाराच्या वर असतो. इतक्या अल्कधर्मी परिस्थितीत सळीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि तो तिला गंजू देत नाही. हा थर दोन कारणांनी जातो. एक तर मिठातला क्लोराइड काँक्रीटच्या छिद्रांतून झिरपत सळीपर्यंत पोचतो आणि थर जागोजागी फोडतो. किंवा हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून चुन्याशी संयोग पावतो आणि सामू नऊच्या आसपास उतरतो. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा व्यापतो, त्या दाबाने काँक्रीट आतून फुटतं. पोपडा दिसतो तेव्हा गंज बराच पुढे गेलेला असतो.

आयएस ४५६ हे मानक किनारपट्टीच्या हवेला 'तीव्र' वर्गात धरतं. काँक्रीट किमान एम-३० (आकडा जितका मोठा तितकं काँक्रीट मजबूत), पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ च्या आत, सळीवरचं कव्हर, म्हणजे सळीबाहेरच्या काँक्रीटची जाडी, ४५ मिमी. लाटांचे तुषार थेट अंगावर येत असतील तर एम-३५ आणि ५० मिमी. आपल्या गावांत किती स्लॅब एम-२० मध्ये आणि पाऊण इंच कव्हरवर पडतात ते आठवून बघा.

नव्या संशोधनात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते एलसी-३, म्हणजे चुनखडी आणि भाजलेल्या मातीचं सिमेंट. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या ईपीएफएल संस्थेच्या कॅरन स्क्रिव्हनर, क्युबातले फर्नांडो मार्तिरेना आणि आपल्याकडे आयआयटी दिल्ली, आयआयटी मद्रास इथले गट यांनी मिळून ते विकसित केलं. नेहमीच्या सिमेंटमध्ये ९५ टक्क्यांच्या आसपास क्लिंकर (भट्टीत भाजलेले सिमेंटचे मूळ खडे) असतो, इथे तो निम्म्यावर येतो. बाकी ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी, ५ टक्के जिप्सम. क्लिंकरला १४५० अंशांची भट्टी लागते, मातीला ७०० ते ८५० अंश पुरतात. कार्बन उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी घटतं. पण आपल्यासाठी खरी गंमत पुढे आहे: भाजलेल्या मातीतलं ॲल्युमिना आणि चुनखडी यांची आपसात प्रक्रिया होऊन काँक्रीटमधली छिद्रं इतकी बारीक होतात की क्लोराइडची आत सरकायची गती फार मंदावते. म्हणजे समुद्राकाठी हे सिमेंट नेहमीच्या सिमेंटपेक्षा सरस. २०२३ मध्ये त्याचं भारतीय मानकही आलं, आयएस १८१८९.

दुसरी बाजूही सांगते. यात मोकळा चुना कमी उरतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडमुळे सामू उतरायचा वेग जास्त असतो. खाऱ्या हवेत हे सिमेंट उत्तम, पण कव्हर कमी ठेवलं किंवा पाणी मारण्यात कुचराई केली तर फायदा हातचा जातो. प्रचारपत्रकांत हे दुसरं वाक्य सापडत नाही.

आता चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा कापलेला ठोकळा. जांभ्याचा सडा म्हणजे बेसाल्ट लाखो वर्षं पावसात धुपून, सिलिका वाहून जाऊन उरलेला लोह-ॲल्युमिनियमचा कातळ. खाणीत मऊ असतो म्हणून कापता येतो, हवेत सुकला की कडक होतो. आपण कापतो तो पुन्हा तयार व्हायला माणसाचं आयुष्य कुठेच पुरत नाही. आणि त्याच्या वर जे उगवतं, जगतं, ते जगात फारच थोड्या ठिकाणी आहे. त्यावर इथले जाणकार जास्त चांगलं लिहितील.

माझं म्हणणं एवढंच की घर तीसऐवजी ऐंशी वर्षं टिकलं तर एक अख्खं घर बांधायची वाळू, चिरा, खडी वाचते. कोकणातल्या निसर्गासाठी एखाद्या घरमालकाला करता येण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट मला हीच दिसते. तुम्हांला काय वाटतं?

रानभूल

फार गरजेचा धागा. सड्याबद्दल थोडं भर घालते.

जूनच्या पहिल्या सरींनंतर सड्यावर दिपकाडी फुलते, पांढरीशुभ्र. ही जात फक्त कोकण-गोव्याच्या जांभ्याच्या पठारांवर सापडते. मग सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू. यातल्या काही वनस्पती कीटक खातात, कारण कातळावरच्या बोटभर मातीत नायट्रोजन जवळजवळ नसतो. पावसाचं पाणी साचून जी डबकी होतात त्यांत परीकोळंबी असते. तिची अंडी कातळाच्या खळग्यातल्या धुळीत उन्हाळाभर, कधी कधी कित्येक वर्षं, कोरडी पडून राहतात आणि पाणी मिळताच जिवंत होतात. स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रीएन्सिस या परीकोळंबीचं शास्त्रीय वर्णन २०१४ मध्ये झालं. म्हणजे आपल्या पायाखाली काय आहे याची नोंद अजून चालूच आहे.

जितिन विजयन, मनाली राणे, अपर्णा वाटवे आणि रोहित नानिवडेकर यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी कोकणातल्या सड्यांवरचे बेडूक पाहिले. मोकळा सडा, भातशेती आणि आंबा-काजूच्या बागा यांची तुलना केली. बागांमध्ये बेडकांची विविधता सर्वांत कमी निघाली. कारण समजायला सोपं आहे: बाग करायची म्हणजे कातळ फोडायचा, बाहेरून माती आणून पसरायची, सुटे दगड गोळा करून गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, घालायचा. ज्या दगडाखाली प्राणी दुपार काढतो तोच उचलला जातो.

आणि सातबाऱ्यावर या जमिनीची नोंद पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. त्यामुळे खाणीला, प्रकल्पाला, कशालाही ती पहिली दिली जाते.

जोता

पावसाळी ताई, मी चिरेबंदी कामं घेतो, वडिलांपासून. तुमचं सगळं वाचलं, पटलंही. पण चिरेखाणीवर घरं चालतात, तेही लिहायला हवं. मशीन चालवणारा, चिरा उतरवणारा, ट्रकवाला, सगळे गावचेच.

कामाचं सांगतो. सगळा चिरा सारखा नसतो. वरचा कातळ कापून खाली गेलं की माल पिवळा, मऊ लागतो, तो कडक होत नाही. हल्ली घाईत तोही विकला जातो. चिऱ्याचं मानक आहे, आयएस ३६२०: दाबाची ताकद किमान ३.५ न्यूटन प्रति चौ. मिमी आणि पाणी शोषण १२ टक्क्यांच्या आत. आजवर एकाही घरमालकाने मला याची चाचणी मागितलेली नाही. मऊ चिरा पावसाच्या तोंडच्या भिंतीत बसला की चार वर्षांत खपल्या सुटतात, मग वरून सिमेंटचा गिलावा, मग आतून ओल.

दुसरं, एम-३० ला गिऱ्हाईक तयार होत नाही. खर्च वाढतो म्हणतात, आणि त्याच घरात फरशीवर मात्र हात सैल सोडतात.

पावसाळी

@जोता, काका, तुमचं बरोबर आहे. खाण बंद करा असं मी म्हणत नाही, माझ्या म्हणण्याने होणारही नाही. पण भावाच्या घरासाठी आम्ही आजोबांच्या पडक्या घराचे चिरे काढून वापरायचं ठरवलंय. मी त्यांतले काही प्रयोगशाळेत नेले, ताकद मानकापेक्षा बरीच वर आली. जुना चिरा मातीत बसवलेला असल्यामुळे अख्खा निघतो. सिमेंटमध्ये बसवलेला निघत नाही, फुटतो. म्हणून आता दर्जात, म्हणजे चिऱ्यांच्या सांध्यांत, सिमेंटबरोबर चुना घ्यायचा विचार आहे, म्हणजे नातवंडांनाही तो काढता येईल.

खर्चाचं: एम-२० वरून एम-३० वर गेल्याने वाढतो तो मुख्यतः सिमेंटचा भाग, आणि तो अख्ख्या घराच्या खर्चात लहान असतो. कव्हर ब्लॉकला तर नावाला पैसे लागतात.

सह्यभटक्या

चुन्याचा विषय निघालाच आहे तर. एमआयटीच्या ॲडमिर मॅसिक यांच्या गटाचा २०२३ चा रोमन काँक्रीटवरचा शोधनिबंध वाचण्यासारखा आहे. रोमन काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे खडे दिसतात. कालवणात कसर राहिली असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. या गटाने दाखवलं की कळीचा चुना कोरडाच राखेत मिसळून मग पाणी घातल्याने, म्हणजे गरम कालवल्याने, ते खडे तयार होतात. पुढे भेग पडून पाणी शिरलं की ते विरघळतात आणि भेगेत कॅल्शियम कार्बोनेट बसतं. त्यांनी तसं काँक्रीट करून अर्धा मिलिमीटर भेग पाडली. दोन आठवड्यांत पाणी झिरपायचं थांबलं.

आपल्या जलदुर्गांतल्या घाणीच्या चुन्यावरही असं नेटाने काम व्हायला हवं. सिंधुदुर्गाचा तट १६६० च्या दशकापासून लाटा खातोय.

पावसाळी

@सह्यभटक्या, सुंदर संशोधन आहे, पण गावाकडे कोणी 'रोमन पद्धत' म्हणून स्लॅबमध्ये चुना घालू नये म्हणून एक गोष्ट ठळक करते. रोमन बांधकामात आणि आपल्या तटात लोखंडी सळी नाही. त्यांना गंजाची भीतीच नव्हती. भिंतीच्या दर्जात चुना हवा तितका वापरा. सळीच्या स्लॅबला आजची मानकंच पाळा.

खाडीकाठ

वाळूवर कोणी बोललं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालात आकडा आहे: जगात दर वर्षी ५० अब्ज टन वाळू-खडी वापरली जाते. पाण्याखालोखाल सर्वांत जास्त वापरलं जाणारं नैसर्गिक साधन.

आमच्या खाडीत पूर्वी हातपाटीची वाळू निघायची. माणूस बुडी मारून पाटी भरायचा. रात्रीचे सक्शन पंप आल्यापासून तळच खरवडला जातो. तिसऱ्या, मुळे, कालवं हे शिंपले त्या तळात आणि काठच्या खडकांवर वाढतात. आमच्याकडच्या बायका ओहोटीला जाऊन ती काढतात आणि बाजारात बसून विकतात. आता लांबवर जावं लागतं. या उपशाविरुद्ध तक्रार केली तेव्हा कार्यालयात अर्ज घेतला, पुढे काही झालं नाही.

आणि पात्राचा तळ खाली गेला की पुलाच्या पायाभोवतीचा आधार जातो, भरतीचं खारं पाणी आत आत चढतं, काठच्या विहिरी मचूळ होतात. वाळू काढली खाडीतून, नुकसान पोचतं परड्यातल्या विहिरीपर्यंत.

एक प्रश्न. खाडीची वाळू पावसात भिजू दिली की मीठ जातं, असं इथले सगळे मिस्त्री सांगतात. खरं का?

पावसाळी

@खाडीकाठ, काही अंशी. गोड्या पाण्याने नीट धुतली की क्लोराइड उतरतो. पण मोठ्या ढिगाच्या वरचा भाग धुतला जातो आणि तेच पाणी खाली साठून राहतं. सळीच्या काँक्रीटमध्ये सगळं मिळून क्लोराइड घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त नको, अशी मर्यादा आहे, आणि त्यात पाण्यातलाही धरायचा. तेव्हा काठची मचूळ विहीर कालवणाला वापरली तर वाळू धुऊनही उपयोग नाही. चाचणी स्वस्त असते. ढिगाच्या वरून, मधून, तळातून असे नमुने घ्या. हा क्लोराइड बाहेरून यायची वाट बघत नाही, पहिल्या दिवसापासून सळीला चिकटून असतो. म्हणून मला खाऱ्या हवेपेक्षा खाऱ्या वाळूची भीती जास्त वाटते.

जोता

आम्ही आता कृत्रिम वाळूच वापरतो. राज्य सरकारचं धोरणही २०२५ मध्ये आलं. पण बाजारात दोन माल आहेत. एक व्हीएसआय (दगडावर दगड आपटून फोडणाऱ्या) क्रशरवर दाणा गोल करून धुतलेली. दुसरी म्हणजे खडी क्रशरखालची भुकटी, तीच 'क्रश सँड' म्हणून टाकतात. भुकटीने काँक्रीट पाणी जास्त मागतं, मिस्त्री पाइप सोडतो, संपलं. आयएस ३८३ मध्ये क्रशच्या वाळूला ७५ मायक्रॉनखालचा बारीक माल १५ टक्क्यांपर्यंत चालतो. घरच्या घरी बघायचं तर बरणीत वाळू आणि पाणी हलवून ठेवा, वर गाळाचा थर किती बसतो ते कळतं. अंदाजच आहे, पण ट्रक परत पाठवायला पुरतो.

रानभूल

इथे मला थांबवावंसं वाटतं. कृत्रिम वाळू म्हणजे फुटलेला डोंगर. खाडी वाचली आणि टेकडी गेली, हा हिशेब मला मान्य नाही. बेसाल्टच्या पठारांवरही वेगळी जीवसृष्टी आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ठाणे जिल्ह्यातल्या मांजरे गावाजवळच्या एका कमी उंचीच्या बेसाल्ट पठारावर २४ कुळांतल्या ७६ वनस्पती नोंदवल्या. तिथे उद्या क्रशर बसला तर?

पाडकामाच्या राड्यारोड्याचं काय? शहरांतून तो खाडीतच ओतला जातो.

पावसाळी

@रानभूल, आक्षेप रास्त आहे. राडारोड्याला मानकाची परवानगी आहे आणि ती फारशी कोणाला ठाऊक नाही. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार फोडलेल्या जुन्या काँक्रीटची खडी सळीच्या काँक्रीटमध्ये २० टक्के, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि एम-१५ खालच्या कामाला १०० टक्के चालते. सळीच्या कामात मात्र एम-२५ पर्यंतच. म्हणजे आमच्या स्लॅबला नाही, पण जोत्याखालचा पीसीसी (बिनसळीचं काँक्रीट), अंगणाचा कोबा, गडग्याचा पाया हे सगळं राड्यारोड्यात होऊ शकतं. ते तसंच करतोय.

मायामीवासी

इथे दक्षिण फ्लोरिडात राहतो, म्हणून लिहितोय. २४ जून २०२१ ला सर्फसाइडची इमारत पडली, ९८ माणसं गेली. इमारत १९८१ ची, समुद्राला लागून. तेव्हापासून इथे सगळे गंजाबद्दलच बोलतात. पण एनआयएसटी या अमेरिकी सरकारी संस्थेच्या तपासात पुढे आलं ते असं की पोहण्याच्या तलावालगतचा स्लॅब जिथे खांबांवर टेकतो, तिथली ताकद मूळ आराखड्यातच कमी होती. सळ्या जागच्या जागी नव्हत्या. वरून नंतर माती, झाडं, फरसबंदीचा भार वाढला. गंजाने शेवटची भर घातली.

शिवाय इथलाच जुना अनुभव: फ्लोरिडा कीजच्या पुलांमध्ये इपॉक्सीचा लेप दिलेल्या सळ्या दहा वर्षांच्या आतच गंजल्या. भारतात आता लेपाच्या सळ्यांच्या जाहिराती बघतो, म्हणून सांगितलं.

पावसाळी

@मायामीवासी, धन्यवाद, हे फार महत्त्वाचं. आयआयटी मद्रासमध्ये दीपक कामडे आणि राधाकृष्ण पिल्लै यांनी नेमकं यावरच काम केलंय. लेपाच्या सळ्या साइटवर उन्हात पडून राहतात, वाकवताना ओरखडतात, फरफटत नेल्या जातात. मग लेप जिथे फाटला तिथे गंज एकवटतो. साइटवर तेवढी काळजी घेता येत नसेल तर साधी सळी आणि घट्ट, दाट काँक्रीट परवडलं.

दादरकर

मुंबईची बाजू. इथे ३० वर्षांवरच्या इमारतींना महापालिका कायद्याच्या ३५३-ब कलमाखाली संरचनात्मक तपासणी सक्तीची आहे. आमच्या सोसायटीत झाली तेव्हा मी मुद्दाम बघत होतो. कॉलमला छोटं भोक पाडून फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. जिथे काँक्रीट अजून अल्कधर्मी तिथे गडद गुलाबी, जिथे सामू उतरलाय तिथे रंगच नाही. बिनरंगाचा पट्टा सळीपर्यंत पोचलेला होता. सोसायटीच्या सभेत तो फोटो दाखवल्यावर दुरुस्तीचा ठराव झाला.

पण वयावर सगळं सोडू नका. महाडची तारिक गार्डन इमारत २४ ऑगस्ट २०२० ला पडली तेव्हा ती जेमतेम दहा वर्षांची होती. १६ जणांचा जीव गेला. कायद्याचा तीस वर्षांचा आकडा तिथे काय कामाचा?

आणि समुद्रातल्या भिंतींबद्दल: सागरी किनारा मार्गाच्या वेळी हाजीअली आणि वरळीच्या प्रवाळांच्या १८ वसाहती हलवाव्या लागल्या होत्या. सिडनीत समुद्रभिंतींवर खळगे आणि कंगोरे असलेले फलक बसवून तिथे पुन्हा समुद्री जीव वाढवण्याचा मोठा प्रकल्प चालू आहे. गुळगुळीत भिंतीवर जे टिकत नाहीत ते खळग्यांत टिकतात. कोकणात जागोजागी धूपप्रतिबंधक बंधारे होतायत, तिथे हे करून पाहायला काय हरकत आहे?

खाडीकाठ

@दादरकर, आमच्या बंधाऱ्याच्या दगडांच्या सांध्यांत कालवं धरतात, सपाट काँक्रीटवर तेवढी नाहीत. हे आम्ही रोज बघतो. कोणी संशोधक मोजायला आले तर ओहोटीच्या वेळा आम्ही सांगू.

जोता

एक राहिलं, भूकंप. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा झाला तेव्हा वडील सांगायचे, चिऱ्याच्या भिंती कोपऱ्यातून उघडल्या. ताई, जुना चिरा वापरताय तर जोत्याला, दरवाजा-खिडकीच्या वर आणि छपराखाली असे सळीचे पट्टे सलग फिरवून घ्या. कोपऱ्यात तुटू देऊ नका. किल्लारीला १९९३ मध्ये जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, वर माळवदाचं वजन, आणि भिंतीला बांधून धरणारं काही नाही. त्यात हजारो माणसं गेली.

पावसाळी

@जोता, काका, तिन्ही पट्टे आराखड्यात आहेत, आयएस ४३२६ प्रमाणे. कोपऱ्यातल्या उभ्या सळ्याही घेतल्यात.

सिमेंटबद्दल काही जणांनी निरोपातून विचारलं म्हणून इथेच लिहिते. एलसी-३ गावच्या दुकानात मिळत नाही. तोवर समुद्राकाठी पोर्टलंड स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीची मळी मिसळलेलं मिश्र सिमेंट) घ्या, क्लोराइडला तेही नेहमीच्या सिमेंटपेक्षा चांगलं तोंड देतं. फक्त पाणी जास्त दिवस मारायला लागतं: साध्या सिमेंटला मानकाने किमान ७ दिवस सांगितलेत, मिश्र सिमेंटला किमान १०, आणि मी १४ धरते. स्लॅब पावसाच्या तोंडावर टाकून 'पाऊस मारेल पाणी' असं म्हणू नका; मधल्या दोन उन्हाच्या दुपारी पृष्ठभागाला भेगा पाडायला पुरतात. कॉलमला गोणपाट गुंडाळा, कारण सगळ्यांत आधी कोरडे तेच होतात.

आमच्या स्लॅबच्या दिवशी कव्हर ब्लॉक मी स्वतः मोजणार आहे. ४५ मिमीचे सिमेंटचे, मिस्त्रीने खडीचे तुकडे ठेवलेले चालणार नाहीत. चाचणीचे घन २८ दिवसांनी फुटले की निकाल इथे टाकते. जुन्या चिऱ्यांच्या चाचणीचा तक्ताही कोणाला हवा असेल तर सांगा.